आखाजीला येणारी दमणी

मित्रांनो, या अंगणात कडुलिंबाखाली उभी असलेली, जिच्या दांडीला तुम्ही रोज शाळेतून आल्यावर लोंबकळता, ती म्हातारी दमणी मी. आता एरंडोलच्या सडकेवर मोटारी धावतात, म्हणून माझ्याकडे पाहून तुम्हाला हसू येत असेल. हसा. पण मी साधी बैलगाडी नव्हे. कडबा, कपाशी, खत वाहायला दुसऱ्या गाड्या असतात. दमणी असते माणसांना बसायला. वर बांबूच्या कमानी, त्यांवर रंगीत छत, आत मऊ गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. लेकीबाळी, नव्या नवऱ्या, म्हातारी माणसं माझ्यातून जायची. असं असूनही मी जन्मभर ज्वारीची पोती वाहिली. ती का वाहिली, हेच आज सांगायचं आहे. ऐकण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की मी मनाने मोठी नाही. झालेलं विसरायची मला सवय नाही.

माझा जन्म एरंडोलला चिंधा सुताराच्या हातून झाला. याच गावच्या हिलाल पाटलांनी मला सांगून करून घेतलं. त्यांना तानू ही एकच मुलगी. तिचं लग्न पहूरच्या गिरधर पाटलांशी ठरलं होतं. पहूर म्हणजे जळगावच्याही पलीकडे, बैलगाडीने दोन दिवसांची वाट. हिलाल पाटील सुताराला म्हणाले, “चिंधाभाऊ, पोर दूर जाई राहिनी. तिले वाटमा गचका बसाले नको.”

चिंधाभाऊने ते मनावर घेतलं. चाकांना जुनी बाभूळ, साटीला म्हणजे बसायच्या तळाला साग, कमानींना एकसारखे बांबू. लोहाराने लोखंडी धाव लालभडक तापवून चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं, तेव्हा मी केवढ्याने तरी किंचाळले. पण त्यानंतर माझं चाक कधी सैल झालं नाही. पितळी फुल्या, लाल-हिरवं छत आणि गोंडे लावून मला हिलाल पाटलांच्या दारात उभं केलं, तेव्हा आख्खं गाव बघायला लोटलं होतं. तानू तेव्हा तुमच्यापेक्षा थोडीच मोठी होती. ती माझ्या दांडीवर चढली आणि कुणी सांगायच्या आत गादीवर जाऊन बसली.

पहूरला पहिली वर्षं चांगली गेली. गिरधर पाटील दिसायला देखणे, बोलायला गोड. सकाळी चाकांमधल्या आखाला तेल देत, माझी चाकं धूत. बाजारच्या दिवशी लोक थांबून विचारत, “पाटील, दमणी कुठली हो?” आणि ते छाती पुढे काढून म्हणत, “सासऱ्यानं दिली.” तानुबाई पहाटेपासून राबायची. शेतात कपाशी वेचायची, घरी दळायची, गोठा काढायची. पाच-सहा वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नाही. तेव्हा गिरधरभाऊंचं बोलणं कमी झालं, आणि पुढे पुढे ते तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघेनासे झाले.

जामनेरजवळच्या एका बागाईतदाराची मुलगी होती, मंजुळा. तिच्याबरोबर जमीनही येणार होती. गिरधरभाऊंनी मागणी घातली. मंजुळेचा बाप म्हणाला, “सवतीवर मुलगी देणार नाही. आधी पहिलीची फारकत करा.” फारकत म्हणजे नवराबायकोचं नातं पंचांसमोर मोडून टाकणं. हे बोलणं माझ्याच गादीवर बसून झालं, म्हणून मला ठाऊक. तानुबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, आपल्या खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. झाडाझाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, घरोघरी मांडे आणि आंब्याचा रस. त्या वर्षी आखाजीच्या आधी गिरधरभाऊंनी स्वतः बैल जुंपले आणि म्हणाले, “चल, तुले माहेरी घालून येतो.” तानुबाईला किती आनंद झाला! जळगावला थांबून त्यांनी तिला बांगड्या भरल्या, पेढे घेतले. वाटेत ती मला थोपटत होती. गावात शिरताना ती छताचा पडदा वर करून प्रत्येकाला हाक मारत होती. गिरधरभाऊंनी सासऱ्यांना नमस्कार केला, रस खाल्ला आणि सांगून निघाले, “पुनवेला न्यायला येतो.”

पुनव आली. त्या दिवशी मी कुठे होते सांगू? मी जामनेरच्या वाटेवर होते. माझ्यावर नवं पिवळं छत होतं आणि आत मंजुळा नवरी बसली होती. बिचारी मान खाली घालून रडत होती. मी ज्या बाईसाठी जन्मले, तिच्या जागेवर दुसरीला बसवून नेत होते. माझा राग त्या पोरीवर नव्हता. माझ्या दांडीवर कासरे धरून बसलेल्या माणसावर होता. तो राग मी अजून उतरवलेला नाही.

गावी तानुबाई दोन महिने रोज वेशीपर्यंत जाऊन बघत होती. शेवटी हिलाल पाटील पहूरला गेले. गिरधरभाऊंनी त्यांना दारातच उभं केलं आणि म्हणाले, “तुमची पोर वांझ आहे. फारकत देतो, पंच बोलवा.” हिलाल पाटील परत आले ते अंथरुणाला खिळले. त्यांनी पुढे बरं व्हायचं मनावरच घेतलं नाही.

पंच बसले ते या गावच्या मारुतीच्या पारावर. जातीचे थोर म्हणून रुपचंद आबा मध्ये बसले होते. गिरधरभाऊ माझ्यातूनच आले होते, सोबतीला मगन नावाचा त्यांचा मित्र. बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. रुपचंद आबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, “गिरधर, तुले फारकत जोयजे, ती भेटी. पण बाईनं पोट कशावर भरायचं? दरसाल तिच्यापुरती ज्वारी, डाळ आणि लुगड्याची जोडी तू द्यायची.”

बायकांमधून तानुबाई उभी राहिली. भर पंचांत बाई बोलते, हे पाहून कुजबुज झाली.

“आबा,” ती म्हणाली, “कितला दिन?”

म्हणजे किती दिवस? रुपचंद आबांनी थोडा विचार केला. “तू दुसऱ्याशी पाट लावशील, त्या दिवशी बंद. पाट नाही लावलास, तर तुझ्या हयातीपर्यंत.” पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न.

गिरधरभाऊंनी लगेच मान डोलावली. मगनकडे झुकून ते हळूच म्हणाले, “विशीतली बाई. किती दिवस एकटी राहील? दोन वर्षांत मोकळा.” ते मी ऐकलं. तानुबाईनेही ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम शांत झाला.

“लग्नात दिलेलं सगळं तुला परत मिळेल,” आबा तिला म्हणाले. “ही दमणीपण.”

“दमनी त्यास्नाजोडेच राहू द्या,” तानुबाई म्हणाली. “पन मनी एक अट शे. दरसाल आखाजीना दिन हीच दमनी मना दारशी यावानी. बठ्ठा गावना समोर. त्यास्नी सोता हाकानी, अन् पोता सोता उतारानी. गडीमाणूस चालाव नही.”

म्हणजे दरसाल गिरधरभाऊंनी स्वतः मला हाकत सगळ्या गावासमोर यायचं आणि पोतीही स्वतःच उतरवायची. पारावर कुणी हसलं नाही. रुपचंद आबांनी गिरधरभाऊंकडे पाहिलं आणि म्हणाले, “पोरीले माहेरी घालाले सोता आलता ना? मग धान्य घालालेबी सोता ये.” गिरधरभाऊंना वाटलं, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. त्यांनी होकार दिला.

तेव्हापासून माझं खरं काम सुरू झालं. माझी गादी काढली गेली आणि पोती आली. पहिल्या आखाजीला आम्ही पहूरहून निघालो, तेव्हा नेरीला एकाने विचारलं, “पाटील, सणासुदीचं कुठी चालले?” गिरधरभाऊ म्हणाले, “बाजारले.” जळगावला एका मारवाडी दुकानदाराने विचारलं, “पाटीलजी, ज्वारी विकायला आणली का?” गिरधरभाऊंनी बैल पुढे हाकले. पण गावात शिरल्यावर लपायला जागा नव्हती. प्रत्येक कडुलिंबाला झोका होता. गावच्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या होत्या. माझे घुंगरू ऐकताच झोके थांबले आणि गाणं बंद पडलं. मी जितक्या मोठ्याने वाजता येईल तितक्या मोठ्याने वाजत होते.

तानुबाई उंबऱ्यात उभी होती. गिरधरभाऊंनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं. घामाने त्यांचा पांढरा सदरा अंगाला चिकटला.

“आठे नही,” ती म्हणाली. “तठे ठेवा.”

त्यांनी पोतं माजघरात नेलं.

“तठे नही. त्या कोपरामा.”

त्यांनी कोपऱ्यात नेलं. सगळी पोती अशीच फिरली. शेवटी ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “पाणी दे थोडं.” तानुबाईने लुगड्याची जोडी उलगडून, उजेडात धरून नीट पाहिली, कुठे विरलेली नाही ना ते तपासलं, मग म्हणाली, “विहीर गावना बाहेर शे.” आणि आत गेली. मित्रांनो, पाहुण्याला पाणी न देणं वाईट, असं तुम्हाला शिकवलं असेल, आणि ते बरोबरच आहे. पण तो पाहुणा नव्हता.

दोन वर्षं गेली, तीन गेली. तानुबाईने पाट लावला नाही. वडील वारल्यावर ती एकटीच शेत करू लागली. गिरधरभाऊ बेचैन झाले. एका आखाजीला त्यांनी मगनला सोबत घेतलं आणि वाटेत धरणगावकडच्या एका माणसाला माझ्यात बसवलं. त्याचं नाव वना. बायको प्लेगात गेलेली, मूलबाळ नाही, माणूस साधा. गिरधरभाऊंनी त्याला सांगून ठेवलं होतं, “तिच्याशी पाट लाव, बैलजोडी माझ्याकडून.”

मगनने ओट्यावर बसून वनाचं फार कौतुक केलं. तानुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि वनाला सरळ विचारलं, “तुम्हले कोणी धाडं?”

वनाने मान खाली घातली. खोटं बोलायचं त्याला जमत नव्हतं. “गिरधरभाऊंनी,” तो म्हणाला. “बैलजोडी देणार आहेत.”

“मग बैलांशीच पाट लावा,” ती म्हणाली. झोक्यांवरच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मगन तर पुन्हा कधी या गावात आला नाही.

पण वना आला. पुढच्या आखाजीला गिरधरभाऊ पोती उतरवून बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेले होते. मी रिकामी उभी होते, तेव्हा वना चालत अंगणात आला. पायांत वहाणा, हातात कैऱ्यांची टोपली.

“बैलजोडी मी घेतली नाही,” तो म्हणाला. “या खेपेला माझ्या मनानं आलोय.”

तानुबाई सुपात ज्वारी पाखडत होती. सूप तसंच थांबलं. तिचा असा खुललेला चेहरा मी तिच्या लग्नानंतर प्रथमच पाहिला.  मग तिने माझ्याकडे, त्या रिकाम्या दमणीकडे पाहिलं.

“तुम्हले हा म्हनानं मन व्हस,” ती हळू आवाजात म्हणाली. “पन मी हा म्हनसू, त्या दिन तो पहूरमा पेढा वाटी.”

“वाटू दे की,” वना म्हणाला. “त्याच्या पेढ्यांशी आपल्याला काय करायचंय?”

“माले करानं शे,” ती म्हणाली.

वना टोपली ओट्यावर ठेवून निघून गेला. तानुबाईने त्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. मित्रांनो, तुम्ही विचाराल, तिने बरोबर केलं का? शहाणी माणसं म्हणतील, नाही केलं. मी त्या वेळी म्हटलं, शाब्बास. आजही तेच म्हणते. पण एवढंही सांगते, की ते लोणचं तिने कुणाला वाढलं नाही, आणि स्वतः जेवताना फोड पानात घेऊन तिच्याकडे बघत बसायची, असं शेजारच्या भिकुबाई सांगत.

ही भेट कुणीतरी पहूरला कळवली. गिरधरभाऊंना कोलीतच मिळालं. त्यांनी पंचांकडे तक्रार केली की तानुबाई वनाबरोबर राहते, तेव्हा पोटगी बंद झाली पाहिजे. पुन्हा मारुतीचा पार, पुन्हा रुपचंद आबा. आबा आता काठी टेकत आले होते.

गिरधरभाऊ म्हणाले, “चोरून संसार चाललाय. पाट लावत नाही, कारण धान्य बुडेल. मी का फुकट पोसू?”

तानुबाई उभी राहिली, पण तिच्याआधी मागून वना पुढे आला. त्याने पागोटं काढून पंचांसमोर ठेवलं.

“आबा, मी या बाईला दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाली. चारचौघांत हो म्हणायला तिला कुणाची बंदी आहे? जिला उघड हो म्हणता येतं, ती लपून कशाला म्हणेल? आणि पहिल्यांदा मला तिच्या दारात कोणी आणून बसवलं, काय कबूल करून आणलं, ते गिरधरभाऊंनाच विचारा. त्यांच्या त्या दमणीतून आलो होतो मी.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रुपचंद आबांनी काठी आपटली. “गिरधर, बैलजोडी देणार होतास?”

गिरधरभाऊ खाली बघत म्हणाले, “ती... गमतीनं.”

“मग आता खरोखरचं जनावर दे,” आबा म्हणाले. “बाईच्या अंगावर चिखल उडवल्याबद्दल एक दुभती म्हैस तिच्या दारात बांध. आणि ज्वारी आहे ती तशीच चालू.”

ती म्हैस माझ्या मागे बांधून आणली. पहूरपासून एरंडोलपर्यंत वाटेवरचा प्रत्येक माणूस विचारत होता, “पाटील, म्हैस कुणाले?”

पुढे पाचोऱ्याहून छोटी आगगाडी पहूरला आली. लोक डब्यात बसून भुर्रकन जाऊ लागले. गिरधरभाऊ स्टेशनाजवळून मला हाकताना रुळांकडे बघत. पण अट दमणीची होती. माझं छत विटलं, गोंडे गळाले, पितळी फुल्या काळ्या पडल्या. वर्षभर मी गोठ्यामागे उन्हातान्हात पडून असे. कोंबड्या माझ्यात अंडी घालत. आखाजीच्या आदल्या आठवड्यात तेवढी माझी आठवण होई. गिरधरभाऊ मला शिव्या देत आखाला तेल घालत. मी ते तेल प्यायचे आणि मनात म्हणायचे, चल, तुला मिरवून आणते.

एक गोष्ट सांगायची राहिली. मंजुळाबाईलाही मूल झालं नाही. वर्षं गेली, पाळणा हललाच नाही. पहूरचे लोक आधी मागे बोलत होते, मग समोर बोलू लागले. ज्या कारणासाठी तानुबाईला टाकली, ते कारण कुणाच्या अंगात होतं, हे सगळ्यांना कळलं. फक्त गिरधरभाऊंना कळलं नाही. ते तिसरं लग्न करायला निघाले.

एका सकाळी ते जामनेरला गेलेले असताना मंजुळाबाई गोठ्यामागे आली. शेतकऱ्याची पोर, तिने स्वतः बैलांच्या मानेवर जू ठेवलं आणि मला हाकत निघाली. जळगावला नात्यातल्या एका बाईकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ती इथे, या अंगणात येऊन थांबली. आखाजी नसताना माझे घुंगरू वाजले, म्हणून तानुबाई बाहेर आली.

“अक्का, मी मंजुळा.”

तानुबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बस म्हणाली नाही.

“या दमणीतून मले आणलं, तेव्हा ती कुणाची, मले ठाऊक नव्हतं,” मंजुळाबाई म्हणाली.

“ठाऊक असतं, तर पायी जाती का?”

मंजुळाबाई रडली नाही. “नाही,” ती म्हणाली. “बापाचं ऐकावंच लागलं असतं.” मग ती पुढे म्हणाली, “अक्का, आता मलेही टाकणार आहेत. पोटगी किती दिवस चालते, तेवढं विचाराले आले.”

तानुबाई हसली. मी तिला त्या अंगणात मोकळेपणाने हसताना ऐकलं ते तेव्हाच. तिने मंजुळेला ओट्यावर बसवलं आणि स्वतः आतून तांब्याभर पाणी आणून दिलं.

“तू टिकशी तितला दिन,” ती म्हणाली. “पन माय, ज्वारी मांगू नको. ज्वारी आनाले तो जित्ता लागस. त्यानी विहीरजवळनी जमीन माग.”

मंजुळाबाई परतली ती सरळ पंचांकडे गेली. मोठा गाजावाजा झाला. शेवटी विहिरीजवळचं शेत तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे आलं. ती तिथेच खोपी बांधून राहिली आणि केळी लावली. तिसऱ्या मुलीच्या बापाने हे ऐकलं आणि निरोप पाठवला, “दोघींना पोसणाऱ्याच्या घरात माझी लेक काय खाईल?” गिरधरभाऊंचं घर रिकामं झालं. चुलीसमोर बसून ते स्वतःच्या भाकरी स्वतः थापत, ते मी गोठ्यामागून बघत असे. भाकरी नेहमी करपायची. मला तो वास आवडायचा.

मग ती शेवटची आखाजी आली. दुसरी मोठी लढाई चालू होती. लुगडी कंट्रोलवर मिळत होती, तरी त्यांनी कुठून तरी जोडी मिळवली होती. गिरधरभाऊ वाकले होते, दम लागत होता. झोक्यांवर आता त्या पहिल्या लेकींच्या लेकी होत्या. त्यांनाही ही दमणी आणि हा म्हातारा ठाऊक होता.

अंगणात मला सोडून ते तानुबाईच्या समोर उभे राहिले. “तानू, आता पुरे कर,” ते म्हणाले. “दोघं म्हातारे झालो. चल परत पहूरला. पुन्हा पाट लावू. मरताना कुणी तोंडात पाणी घालायला पाहिजे.”

मला वाटलं, ते मनापासून बोलत होते. तानुबाईलाही तसंच वाटलं असेल. 

“म्हंजे धान्यबी वाचनं,” ती म्हणाली, “अन् भाकरी थापनारीबी भेटनी.”

 गिरधरभाऊंनी पोतं पाठीवर घेतलं. दोन पावलांवर त्यांचा तोल गेला. पोतं पडलं, शिवण उसवली आणि ज्वारी अंगणभर पसरली. दोन तरुण पोरं मदतीला धावली. तानुबाईने हात वर केला आणि ती जागीच थांबली. गिरधरभाऊ गुडघ्यांवर बसले आणि ओंजळीने ज्वारी भरू लागले. मातीतला दाणा न् दाणा त्यांनी वेचला. उन्हाची तिरीप त्यांच्या टकलावर होती. तानुबाई उंबऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. एकदाही तिने तोंड फिरवलं नाही.

सगळं भरून झालं, तेव्हा ती म्हणाली, “पुढला साले पोता धाकला आना.”

गिरधरभाऊंनी वर पाहिलं.

“पन आना,” ती म्हणाली.

पुढच्या आखाजीला ते नव्हते. थंडीतच वारले. त्यांचा पुतण्या जमिनीचा मालक झाला होता. तो मला घेऊन आला, पोती होती, लुगडीही होती. त्याला पंचांनी सांगितलं होतं, की पोटगी तिच्या हयातीपर्यंत आहे, गिरधरभाऊंच्या नव्हे. पोरगा भला होता. पोतं उचलू लागला, तर तानुबाईने अडवलं.

“माले त्यानाकडतीन जोयजे व्हतं,” ती म्हणाली. “तुनाकडतीन नही. धान्य ली जाय.” मग माझ्या चाकावर हात ठेवून म्हणाली, “दमनी ठेव.”

अशी मी या अंगणात आले. तानुबाईने मला नवं छत केलं. लाल-हिरवं नव्हे, निळं. आता गावातली कुठलीही मुलगी सासरी जायला निघाली, मग ती गरिबाची असो की पाटलाची, माझ्यातूनच जाते. भाडं नाही. जावई दांडीवर चढू लागला, की तानुबाई त्याच्याजवळ जाते. केस पांढरे, पाठ ताठ. ती त्याला म्हणते, “वाट ध्यानात ठेव, बाबा. ही दमनी तुले पुन्हा पुन्हा आठे आनी.” जावई हसतो, पण त्याचा बाप हसत नाही. धरणगावपासून जामनेरपर्यंत या दमणीची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. माझ्यातून गेलेल्या मुलींना सासरी फारसं कुणी बोलत नाही, असं ऐकते.

म्हणून मित्रांनो, माझ्या दांडीला लोंबकळा, पण तोडू नका. चाकांच्या आऱ्यांवर दगड मारू नका. पावसात माझ्यावर फाटकं का होईना, पोतं टाका, आणि आखाजीच्या आधी आखाला थोडं तेल द्या. तुमच्या बहिणी अजून लहान आहेत. त्या मोठ्या होईपर्यंत मला उभं राहायचं आहे.